कडक उन्हाचे कारागीर

पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत 'जुआ काली' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ कडक ऊन. केनियाच्या नैरोबी शहरात जे पत्रेवाले, लोहार, वेल्डर, सुतार डोक्यावर छप्पर नसताना भर उन्हात बसून माल बनवतात, त्यांना लोक याच नावाने ओळखतात. आधी हा शब्द जरा तुच्छतेने वापरला जाई. पुढे केनियाच्या सरकारी कागदपत्रांतही तोच रूढ झाला, कारण देशातील रोजगाराचा मोठा हिस्सा याच लोकांच्या हातात आहे हे सरकारच्या ध्यानात आले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीच्या रस्त्यावर, इचलकरंजीच्या गल्ल्यांतून आमचे जे बांधव घण, वेल्डिंग मशीन आणि मोटारीची वायंडिंग घेऊन बसले आहेत, त्यांना नैरोबीच्या या भाऊबंदांची हकिकत ठाऊक असावी असे आम्हांस वाटते. त्यात आपल्या फायद्याचे पुष्कळ आहे.

हकिकत शेगडीची आहे, आणि ती सुरू होते आपल्याच देशातून. १८९६ पासून इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेत रेल्वे बांधण्यासाठी हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले. त्यांच्याबरोबर पत्र्याची कोळशाची शेगडी तिकडे पोहोचली असे सांगतात. तिला तिकडे 'जिको' म्हणू लागले. ही शेगडी कोळसा फार खाई. पत्रा तापून उष्णता बाहेर जाई आणि भांड्याला त्यातली थोडीच लागे. १९८० नंतरच्या काळात तेथील काही तंत्रज्ञांनी थायलंडमधील चुलीचा नमुना पाहून एक सुधारणा केली. पत्र्याचा सांगाडा डमरूच्या आकाराचा केला आणि वरच्या भागात आतून भाजलेल्या मातीचे अस्तर बसवले, बस्स. उघड्या विस्तवाची जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्याला मिळते, साध्या पत्र्याच्या शेगडीत दहा ते वीस टक्के, आणि या नव्या शेगडीत पंचवीस ते चाळीस टक्के, असे अमेरिकेतील संशोधक डॅनियल कॅमन यांनी १९९५ मध्ये लिहिले आहे.

आता यातला धंद्याचा भाग पाहा. ही शेगडी मोठ्या कारखान्यात बनली नाही. सांगाडा जुआ काली पत्रेवाल्यांनी ठोकला, अस्तर कुंभारांनी भाजले, विकली बाजारातल्या छोट्या दुकानदारांनी. सुरुवातीला किंमत पंधरा डॉलरपर्यंत होती. ती एका घरच्या माणसाला झेपणारी नव्हती. पण नमुना कोणाच्या मालकीचा करून ठेवलेला नव्हता. पाहून पाहून शेकडो कारागिरांनी तो उचलला, स्पर्धा झाली आणि किंमत एक ते तीन डॉलरवर आली. या प्रकारात वाईट मालही पुष्कळ बाजारात आला. अस्तर तडकू लागले, मातीत भेसळ झाली, गिऱ्हाईक नाराज झाले. मग ज्यांनी माती नीट मळली आणि भट्टी नीट लावली त्यांचाच माल टिकला. आजही ती शेगडी तेथे घरोघर आहे.

ही गोष्ट कोल्हापूरकराला नवी वाटण्याचे कारण नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे उद्यमनगरात तेलावर चालणारी इंजिने तयार होऊ लागली तेव्हा येथे कोणता इंजिनिअर होता? गुऱ्हाळाचा चरक आणि विहिरीवरचे परदेशी इंजिन बिघडले की ते खोलायचे, प्रत्येक भाग हाताळायचा, मोडलेला भाग वाळूच्या साच्यात ओतून पाहायचा, याच शिक्षणावर येथील मिस्त्री तयार झाले. म्हादबा मिस्त्रींचे नाव या शहरात आजही आदराने घेतले जाते ते याचसाठी. पुढे त्यातूनच फाउंड्र्या वाढल्या, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्या साऱ्या उभारणीत आमच्या समाजाच्या मोल्डरचे, टर्नरचे, फिटरचे हात आहेत. पण हात आहेत, मालकी किती आहे? हा प्रश्न आम्ही विचारतो तेव्हा कोणावर राग काढण्यासाठी विचारत नाही. इंजिनाच्या जमान्यात जे घडले तेच सूर्याच्या जमान्यात पुन्हा घडू नये, एवढ्यासाठी विचारतो.

कारण तो जमाना आता दारात उभा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू केली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवायचे हे तिचे उद्दिष्ट. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, असे जास्तीत जास्त अठ्ठ्याहत्तर हजार रुपये घरमालकाला परत मिळतात. योजना आखताना सरकारने तीन किलोवॅटची किंमत सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार धरली आहे. याखेरीज २०२४ मध्येच राज्य सरकारने 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना आणली. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के, बाकी सरकार भरते. तीन, पाच आणि साडेसात अश्वशक्तीचे पंप जमिनीच्या प्रमाणात मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर सामानावरील जी.एस.टी. बारावरून पाच टक्क्यांवर आला. थोडक्यात, पैसा या दिशेने वाहतो आहे.

तो कोणाच्या घरी जातो? पॅनेल आपण बनवू शकत नाही हे आम्ही मान्य करतो. सौर सेल तयार करणे हे शेकडो कोटींच्या कारखान्याचे काम आहे, तेथे उद्यमनगरची हुन्नर चालणार नाही. इन्व्हर्टरचेही तसेच. पण पॅनेल ज्या लोखंडी सांगाड्यावर बसते तो सांगाडा, त्याचे पाय, छपरावरचे बांधकाम, वायरिंग, अर्थिंग, चढवणे-उतरवणे, दर महिन्याची धुलाई आणि वर्षानुवर्षांची दुरुस्ती हे सारे हाताचे काम आहे. आज ते कोण करतो? बाहेरच्या शहरातील पुरवठादार ठेका घेतो, आमच्या वेल्डरला आणि वायरमनला दिवसाच्या मजुरीवर बोलावतो आणि काम संपले की त्याचा फोन उचलत नाही. सबसिडी हवी असेल तर काम नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच झाले पाहिजे, असा नियम आहे. ती नोंदणी करायची तर महावितरणकडे अर्ज, बँक हमी, जी.एस.टी. क्रमांक अशी कागदपत्रे लागतात. आमचा कारागीर येथेच अडतो. त्याचे काम चोख असते, कागद नसतो.

सौर पंपाची गोष्ट आणखी कठीण आहे. पुरवठादाराने पहिली पाच वर्षे पंपाची देखभाल करायची, असे योजनेत आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. पण गावातील मोटार रिवायंडिंगच्या दुकानाचा विचार करा. पंचगंगेच्या काठी २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हजारो मोटारी पाण्याखाली गेल्या, तेव्हा याच दुकानांनी रात्रंदिवस बसून त्या सुरू करून दिल्या. उद्या त्याच काठावर सौर पंप आले की त्या दुकानदाराने त्याला हात लावायचा नाही, कारण हात लावला तर हमी जाते. मग पाच वर्षांनी जेव्हा तो पंप त्याच्या दुकानात येईल, तेव्हा त्यातला कंट्रोलर त्याने कधी उघडून पाहिलेला नसेल. धंदा असाच हातातून जातो. कोणी हिसकावून घेत नाही, तो हळूच सरकतो. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की रिवायंडिंगवाल्यांनी पाच वर्षे वाट पाहू नये. पुरवठादारांना तालुक्याच्या ठिकाणी देखभालीसाठी माणसे लागतातच. चार-पाच दुकानांनी एकत्र येऊन लेखी करार करावा, तक्रारीमागे दर ठरवावा आणि त्या निमित्ताने कंपनीकडूनच शिक्षण घ्यावे. तोंडी कबुलीवर काम करू नये.

शिक्षणाची सोय नाही असे नाही. केंद्र सरकारचा 'सूर्यमित्र' अभ्यासक्रम २०१५ पासूनचा आहे, सहाशे तासांचा. आय.टी.आय.त वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचे दोन वर्षांचे वर्ग आहेत. ज्याला वाटते की आपण लिहिता-वाचता येत नसल्याने मागे पडू, त्याने राजस्थानातील तिलोनिया गावच्या बेअरफूट कॉलेजची माहिती घ्यावी. तेथे आफ्रिकेतील खेड्यांमधून आलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांना सहा महिन्यांत सौर दिवे जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले गेले. २००८ पासून भारत सरकारने त्यांच्या येण्याजाण्याला आणि शिक्षणाला मदत केली. भाषा एकीची दुसरीला येत नसे. सर्किटचे भाग रंगाने आणि आकाराने ओळखायचे, एवढ्यावर शिकवणी चाले. ज्या बाईने आयुष्यभर चुलीपुढे डोळे धुराने भरून घेतले ती बाई सोल्डरिंगची कांडी घेऊन परत जाते आणि गावात उजेड करते. उस्तादाच्या हाताखाली पाहून शिकणारा आमचा शागीर्द तिच्यापेक्षा कमी कसा असेल?

पण सौर म्हणजे केवळ पॅनेल, ही समजूत आम्हांला मान्य नाही. आपल्या जिल्ह्यात सूर्याची शक्ती उसात साठते. गुऱ्हाळ हा याचा सर्वांत जुना कारखाना. रस काढायचा, चिपाड वाळवायचे आणि त्याच चिपाडावर काहील उकळायची. बाहेरून कोळसा नको, तेल नको. चुलाण नीट बांधले असेल तर जळण उरते, वाईट बांधले असेल तर टायर आणि भंगार जाळण्याची पाळी येते आणि गुळाची चवही जाते, इभ्रतही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची पत चुलाणाच्या तोंडाशी ठरते. चुलाणाची जाळी, हवेची वाट, धुरांड्याची उंची, भट्टीच्या विटांचे अस्तर, यांत नैरोबीच्या शेगडीसारखीच सुधारणा करता येते. कोल्हापुरात ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, तेथे विचारायला जाणारे फाउंड्रीवाले आणि गवंडी किती?

पाचटाचा प्रश्न तर त्याहून मोठा. ऊस तुटला की शेतात पाचट पेटवायचे, ही रीत. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये 'आरती' नावाची संस्था काढली. तिने पाचटापासून कोळसा करण्याची, जाग्यावरून हलवता येणारी पिंपांची भट्टी तयार केली. पिंपात पाचट ठासायचे, हवा कोंडायची, बाहेरून तापवायचे. निघालेला वायू पुन्हा त्याच भट्टीत जळतो. कोळशाची भुकटी खळीत मळून तिच्या वड्या पाडायच्या. त्या वड्यांवर चालणारा 'सराई' कुकर शंभर ग्रॅम कोळशात घरचे जेवण शिजवतो. या कामाला २००२ मध्ये इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेला २००६ मध्ये तो पुन्हा मिळाला, या वेळी छोट्या बायोगॅस संयंत्रासाठी. दोन प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाक्या कापून एकीत दुसरी उपडी घालायची आणि शेणाऐवजी शिळे अन्न, पीठ, सडलेली फळे टाकायची. चाळीस किलो शेणाचे काम एक-दोन किलो पिठाळ पदार्थ करतात, असे त्यांचे तत्त्व. हे तंत्र पुढे टांझानियातही गेले. म्हणजे पूर्वी आपल्याकडून शेगडी आफ्रिकेत गेली आणि शंभर वर्षांनी बायोगॅसची टाकी गेली.

मग पाचटाची भट्टी कोल्हापुरात, जिथे पाचटाला तोटा नाही, धंदा म्हणून का उभी राहिली नाही? आमच्या मते कारण गिऱ्हाइकात आहे. संस्थेने गिऱ्हाईक म्हणून गरीब घरातील गृहिणी डोळ्यांपुढे धरली. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून तिच्या घरी सिलिंडर आला. सिलिंडर महाग झाला तर ती लाकडाकडे वळते, विकतच्या कोळशाकडे नाही. रोज पोत्याने कोळसा घेणारे गिऱ्हाईक वेगळेच आहे. आपल्याच समाजाच्या हॉटेलांतील कबाबाच्या शेगड्या, तंदूर, कपडे इस्त्री करणारे, हुपरीच्या चांदीकामातील छोट्या भट्ट्या यांकडे पाहा. वड्या कडक झाल्या, ठिणग्या उडेनात आणि राख कमी पडली, तर हॉटेलवाला भाव विचारेल. एखाद्या फॅब्रिकेटरने पाच पिंपांची भट्टी करून एका हंगामात हा हिशेब मांडून पाहावा. भांडवल थोडे लागते. पाचट गोळा करण्याची मजुरी आणि वाहतूक, हाच खरा खर्च आहे. तो परवडला नाही तर धंदा नाही, हेही आम्ही येथेच सांगून ठेवतो.

शोध लावण्यासाठी पदवी लागत नाही याचे दाखले आपल्याला दूर शोधायला नकोत. आसामच्या दरंग जिल्ह्यातील मेहतर हुसेन आणि मुश्ताक अहमद हे दोघे भाऊ भाताची शेती करणारे. डिझेल परवडेना म्हणून त्यांनी बांबू, लाकूड, जुन्या टायरच्या पट्ट्या आणि थोडे लोखंड यांची पवनचक्की उभारली आणि ती हातपंपाला जोडली. खर्च सुमारे पाच हजार रुपये. अहमदाबादचे प्रा. अनिल गुप्ता यांच्या 'हनी बी' चळवळीच्या आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या लोकांनी ती हेरली. पुढे कच्छच्या छोट्या रणातील मीठ पिकवणाऱ्या अगरियांसाठी तिचे रूप बदलले. तेथे वारा जोराचा, म्हणून बांबूच्या जागी लोखंड आले आणि किंमतही वाढली. पण डिझेल वाचले. मलावी देशातील विल्यम कामक्वांबा याची कहाणी तर जगभर गेली. २००१-०२ च्या दुष्काळात फी भरता न आल्याने चौदा वर्षांच्या या मुलाची शाळा सुटली. त्याने गावच्या वाचनालयातील पुस्तकातील चित्रे पाहून निलगिरीचे खांब, सायकलचे भाग, ट्रॅक्टरचा पंखा आणि तापवून सपाट केलेले पी.व्ही.सी. पाइप यांची पवनचक्की केली आणि घरात दिवा लावला. लोक या कहाणीत मुलाची जिद्द पाहतात. आम्हांला त्यात वाचनालय दिसते. शाळेतून गळलेल्या मुलाच्या हाती चित्रांचे पुस्तक पडेल अशी एक खोली त्या गरीब गावात होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली या शहरात मुस्लिम बोर्डिंगची सुरुवात करून दिली. आज आपल्या मोहल्ल्यांत किती ठिकाणी मराठीतली किंवा उर्दूतली यंत्रांची पुस्तके मुलाला हाताळायला मिळतात, याची यादी कोणी करून पाठवली तर आम्ही ती या पानावर छापू.

भांडवलाचा प्रश्न राहतो. अल्पसंख्याकांना पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात विशेष गटात धरले आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या नियमांनुसार शहरात प्रकल्पाच्या पंचवीस टक्के आणि ग्रामीण भागात पस्तीस टक्के अनुदान आहे, स्वतःचे पाच टक्के घालायचे. पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये आली. तिच्यात अवजारांसाठी पंधरा हजार आणि दोन हप्त्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज आहे. पण तिच्या अठरा धंद्यांच्या यादीत लोहार आहे, सुतार आहे, मोची, शिंपी, सोनार आहे. मोटार रिवायंडिंगवाला नाही, वायरमन नाही. यादी करणाऱ्यांच्या मनातला कारागीर अजून भात्यापाशीच बसलेला दिसतो. यादीत या दोघांची भर घालावी, अशी मागणी आपल्या संघटनांनी लोकप्रतिनिधींकडे लेखी करायला हवी.

आणि व्याजामुळे जे बांधव बँकेची पायरी चढत नाहीत त्यांचे काय? केनियातील 'एम-कोपा' कंपनीने २०१२ पासून छोटा सौर संच हप्त्याने विकला. थोडी रक्कम आधी, मग दिवसाला पन्नास शिलिंग मोबाइलवरून, वर्षभर. हप्ता चुकला तर आतल्या सिमकार्डामुळे संच बंद पडतो. गरिबाला रॉकेलला जेवढे लागत होते तेवढ्यातच उजेड मिळाला हे खरे. रोखीपेक्षा माल महाग पडला आणि भांडवल बहुतांश परदेशी असल्याने नफाही बाहेर गेला, हेही खरे. ती नक्कल आम्हांला नको. पण किंमत आधी ठरवून माल उधारीवर द्यायचा ही तर आपल्या बाजाराची जुनीच रीत आहे. शहरातील आमचे हार्डवेअर आणि इलेक्ट्रिकचे घाऊक व्यापारी गावोगावच्या दुकानदारांना महिन्याच्या उधारीवर माल देतातच. तीच पत त्यांनी परवाना काढलेल्या दोन तरुण वायरमनना द्यावी. केबल, क्लॅम्प, चॅनेल उधारीवर द्यावे आणि घरमालकाचे पैसे आले की वसूल करावे. वसुलीची भीती असेल तर नफ्यात भागीदारी करावी. यात दानधर्म नाही, व्यापारच आहे.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. छपरावरील पॅनेल ओळीने जोडली की काहीशे व्होल्टचा एकदिशी प्रवाह तयार होतो. घरच्या विजेची ठिणगी विझते तशी ही सहज विझत नाही. सैल सांधा, चुकीची क्रिंपिंग, स्वस्तातली केबल यांतून आग लागते. 'चालून जाईल' हा आपल्या कारखान्यांतला आवडता शब्द येथे चालणार नाही. एप्रिल-मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडतात हे आपण दरवर्षी पाहतो. जस्त न दिलेल्या पातळ अँगलवर उभे केलेले पॅनेलही तसेच उडेल, आणि खाली कोणी असेल तर त्याचा हिशेब पैशात होणार नाही. भंगाराच्या व्यापाऱ्यांनीही सावध राहावे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलही आले आहे. ॲल्युमिनियमच्या चौकटीसाठी नोंदणी नसताना पॅनेल फोडणे अंगाशी येऊ शकते. ज्यांचा हा पिढीजात धंदा आहे त्यांनी आत्ताच रीतसर नोंदणीची चौकशी करावी, कारण पंचवीस वर्षांचे आयुष्य सांगितलेले पॅनेल पुरात आणि वादळात पाच वर्षांतही भंगारात येते.

येत्या पावसाळ्याआधी करण्याजोगे एक काम आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि इचलकरंजी येथील वेल्डर, वायरमन, रिवायंडिंगवाले यांनी आपापली नावे, परवान्याचे क्रमांक आणि किती छपरांवर काम केले याची नोंद एका वहीत करावी. एखाद्या जमातीने किंवा व्यापारी मंडळाने ती वही सांभाळावी. नोंदणीसाठी महावितरणकडे जाताना पाच जणांनी मिळून एक फर्म काढली तर बँक हमीचा भार वाटला जातो. जून-जुलैत गगनबावडा-राधानगरीकडे ढग दाटले की वीज कमी येते, लोक तक्रार करतात आणि त्या वेळी पुरवठादाराचा माणूस पुण्याहून यायला आठवडा लावतो. त्या आठवड्यात घरमालकाच्या हातात कोणाचा तरी कोल्हापुरातला नंबर असला पाहिजे.